मुक्कामाचे अर्थशास्त्र : कुंभकोणम परिसर आणि ग्रामीण निवास पर्यटन

पर्यटनाची आकडेवारी तयार करताना एक बारीक, परंतु निर्णायक भेद केला जातो. आपल्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणाहून अन्यत्र जाऊन किमान एक रात्र मुक्काम करणाऱ्या व्यक्तीस आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ‘पर्यटक’ म्हणतात. सकाळी येऊन सायंकाळी परतणारा हा केवळ ‘दिवसभराचा अभ्यागत’ ठरतो. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात आणि पुढे जातात. वस्तुतः ग्रामीण पर्यटनाचे सारे अर्थशास्त्र या एका रात्रीत सामावलेले आहे. पाहुणा गावात राहिला तर गावाला मिळकत होते. तो केवळ पाहून गेला तर गावाच्या वाट्याला बहुधा धूळ, कचरा आणि चहाच्या टपरीवरील थोडीबहुत विक्री येते.

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम आणि त्याच्या सभोवतालची खेडी हा भेद समजून घेण्यासाठी अत्यंत उपयुक्त उदाहरण आहे. डोंगरातील दुर्गम गावात जाऊन तेथील कुटुंबात राहणे, हे ग्रामीण निवास पर्यटनाचे आज सर्वांत लोकप्रिय झालेले रूप होय. कुंभकोणम त्याच्या अगदी उलट टोकाला आहे. येथे डोंगर नाही, दुर्गमता नाही. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले, रेल्वेने व रस्त्याने उत्तम जोडलेले, सपाट भातशेतीच्या प्रदेशातील हे नगर आहे. म्हणूनच डोंगरातील प्रारूप येथे का रुजत नाही, हे पाहिले की ते प्रारूप मुळात कोणत्या गोष्टींवर उभे आहे हेही उलगडते.

भाविकांचे नगर

२०११ च्या जनगणनेनुसार कुंभकोणमची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. २०२१ मध्ये या नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या येथील शासकीय महाविद्यालयामुळे या नगरास एकेकाळी दक्षिण भारताचे केंब्रिज म्हटले जाई. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथेच गेले. मराठी वाचकांसाठी आणखी एक संदर्भ म्हणजे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच नगरातील मराठी भाषक कुटुंबात झाला.

येथे येणाऱ्यांची संख्या कमी नाही. देशांतर्गत पर्यटकांच्या संख्येत तमिळनाडू अनेक वर्षे आघाडीच्या राज्यांत राहिले आहे आणि या संख्येत भाविकांचा वाटा मोठा आहे. कुंभकोणमपासून सुमारे चार किलोमीटरवर असलेल्या दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिराचा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. परिसरातील नवग्रहांच्या नऊ मंदिरांची यात्रा ही तर एक स्वतंत्र अर्थव्यवस्थाच आहे. पहाटे निघणारी मोटार किंवा बस एका दिवसात नऊही मंदिरे दाखवून रात्री कुंभकोणमला परत आणते. आलंगुडी, कंजनूर, तिरुनागेश्वरम या गावांत भाविक किती वेळ थांबतो? दर्शनाची रांग, प्रसाद आणि पुढच्या मंदिराची घाई. वर्षाकाठी मोठ्या संख्येने माणसे या खेड्यांतून जातात, पण त्यांतील फारच थोडी तेथे रात्र काढतात. व्याख्येच्या भाषेत बोलायचे तर ही गावे अभ्यागतांची आहेत, पर्यटकांची नाहीत.

छत्रांची परंपरा

मुक्कामाला येथे पैसे न मोजण्याची सवय जुनी आहे आणि तिचा इतिहास मराठ्यांशी निगडित आहे. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरला स्थापन केलेले भोसले घराण्याचे राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले. या सुमारे पावणेदोनशे वर्षांत राजघराण्याने रामेश्वरच्या यात्रामार्गावर अनेक ‘छत्रे’ बांधली. तमिळ भाषेत त्यांना ‘चत्तिरम’ म्हणतात. यांतील अनेक छत्रांना राण्यांची व राजस्त्रियांची नावे देण्यात आली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. यात्रेकरूंना निवारा व भोजन, आजाऱ्यांना औषधोपचार आणि काही ठिकाणी विद्यार्थ्यांना शिक्षण अशी छत्रांची व्याप्ती होती. त्यांच्या खर्चासाठी गावांचे महसुली उत्पन्न तोडून दिलेले असे. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १७९९ च्या तहानंतर राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला असतानाही ही छत्रे आपल्या देखरेखीखाली राहावीत असा आग्रह धरला. १८०१ मध्ये तंजावरचे ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांच्या कामाचे तपशीलवार समर्थन केले आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत छत्र ही सार्वजनिक खर्चाने चालणारी कल्याणकारी सेवा होती. तिचा भार पाहुण्यावर नव्हे, तर महसूल देणाऱ्या कुळांवर पडत असे; हा मुद्दा छत्रांचे गोडवे गाताना सहसा विसरला जातो. होमस्टे म्हणजेच घरगुती निवासाची व्यवस्था याच्या उलट आहे. येथे पाहुणा स्वतः मोल देतो आणि यजमान कुटुंब ते थेट स्वीकारते. पहिल्या व्यवस्थेत गावाकडून प्रवाशाकडे उत्पन्न जाते, तर दुसरीत प्रवाशाकडून गावाकडे येते. यात्रेच्या ठिकाणी मठ, धर्मशाळा व छत्रे यांनी निवासाची अपेक्षित किंमत शून्याच्या जवळ आणून ठेवली असल्याने खेड्यातील खोलीसाठी दर मोजण्याची भाविकाची तयारी कमी असते. ग्रामीण निवासाच्या मागणीचा विचार करताना हा घटक नोंदवणे आवश्यक ठरते.

डोंगर नसलेला ‘मलै’

कुंभकोणमच्या पश्चिमेस सुमारे आठ किलोमीटरवर स्वामिमलै हे गाव आहे. ‘मलै’ म्हणजे पर्वत. मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक आणि मुरुगन हा डोंगरांचा देव. मात्र कावेरीच्या सपाट खोऱ्यात डोंगर आणायचा कोठून? येथील मंदिर एका मानवनिर्मित उंचवट्यावर आहे. त्याला साठ पायऱ्या आहेत आणि त्या साठ संवत्सरांच्या प्रतीक मानल्या जातात. गावाला जे निसर्गाने दिले नाही ते त्याने बांधून घेतले, असे म्हणावे लागेल.

स्वामिमलैचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील स्थपती, अर्थात धातुमूर्तिकार. मेण गाळून मूर्ती ओतण्याची मधूच्छिष्ट विधान ही पद्धत येथे आजही उपजीविकेचे साधन आहे. मेणात राळ व तेल मिसळून मूर्तीचा नमुना घडवला जातो. प्रमाणे ठरवण्यासाठी नारळाच्या झावळीची पट्टी घड्या घालून वापरतात. तयार नमुन्यावर कावेरीच्या पात्रातील अत्यंत बारीक गाळाच्या मातीचा पहिला लेप देतात. मेणावरील नखाएवढी रेषही या मातीत उमटते. त्यावर शेतातील जाडसर मातीचे लेप चढवून साचा सावलीत वाळवतात आणि लोखंडी तारेने बांधून गोवऱ्यांच्या आचेवर तापवतात. मेण वितळून बाहेर पडते व त्या पोकळीत तांबे, जस्त व शिसे यांचा प्रामुख्याने समावेश असलेला वितळलेला धातुरस ओतला जातो. साचा फोडल्याशिवाय मूर्ती हाती येत नाही, त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. ओतकामापेक्षा त्यानंतरचे कानस व छिन्नीचे काम कितीतरी अधिक वेळ घेते. या मूर्तींना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळालेले आहे. २०२३ मध्ये नवी दिल्लीत जी-२० शिखर परिषदेच्या वेळी भारत मंडपम येथे उभारण्यात आलेली २७ फूट उंचीची नटराजमूर्तीही स्वामिमलैच्या स्थपतींनीच घडवली.

ही सारी प्रक्रिया पाहण्यास दोन तास पुरत नाहीत. मेणाच्या नमुन्यापासून पूर्ण मूर्तीपर्यंत आठवडे जातात. तरीही स्वामिमलैला येणारा बहुसंख्य प्रवासी साठ पायऱ्या चढतो, दर्शन घेतो, एखाद्या कार्यशाळेत डोकावतो आणि निघतो. म्हणजे येथे मुक्कामाचे कारण उपलब्ध आहे. मुक्कामाची सोय व सवय नाही. परिसरातील अन्य गावांची स्थिती याहून वेगळी नाही. नाचियारकोविलचे पितळी समईकाम आणि तिरुभुवनमचे रेशीम विणकाम ही दोन्ही भौगोलिक निर्देशनप्राप्त हस्तकौशल्ये कुंभकोणमपासून काही किलोमीटरवरच आहेत. ग्राहक मात्र पुष्कळदा शहरातील दुकानातूनच खरेदी करतो.

रुपयाचा प्रवास

पाहुण्याने दिलेल्या रुपयाचे पुढे काय होते, हा या विषयाचा गाभा होय. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गावालगतच्या आलिशान निवासात पाहुणा एका रात्रीसाठी ३,००० रुपये देतो. मालक शहरातला, व्यवस्थापक बाहेरचा, धान्य व भाजी घाऊक बाजारातून येणारी. गावाच्या वाट्याला मजुरी व दूध मिळून २० टक्के, म्हणजे ६०० रुपये येतात. दुसरा पाहुणा गावातील कुटुंबात १,००० रुपये देऊन राहतो आणि त्यातील ८० टक्के, म्हणजे ८०० रुपये गावात राहतात. एकतृतीयांश दर असूनही गावाला अधिक मिळाले. उर्वरित रक्कम गावाबाहेर जाते, तिला ‘गळती’ म्हणतात.

पण हिशेब येथेच संपत नाही. मिळालेल्या ८०० रुपयांपैकी यजमान कुटुंब किती रक्कम गावातच खर्च करते, यावर गुणक अवलंबून असतो. प्रत्येक रुपयातील ४० पैसे गावात खर्च होत असतील तर गुणक १ भागिले (१ उणे ०.४), म्हणजे सुमारे १.६७ येतो आणि ८०० रुपयांतून गावात एकूण सुमारे १,३३३ रुपयांचे उत्पन्न निर्माण होते. गावात किराणा दुकान नसेल, भाजी तालुक्याच्या बाजारातून येत असेल आणि रुपयातील केवळ १० पैसेच गावात फिरत असतील, तर गुणक १.११ वर घसरतो आणि एकूण उत्पन्न ८८९ रुपयांवर थांबते. दुर्गम गावांची खरी अडचण येथे आहे. ती जितकी दुर्गम, तितकी पाहुण्याला आकर्षक. पण तितकाच तेथे गुणक कमी, कारण काडेपेटीपासून गॅस सिलिंडरपर्यंत सारे बाहेरून येते. याबाबतीत कुंभकोणमचा परिसर कितीतरी उजवा आहे. तांदूळ, केळी, नारळ, विड्याची पाने, दूध, पितळी भांडी, रेशीम हे सर्व पाच-दहा किलोमीटरच्या परिघात उत्पादित होते. येथे आलेला रुपया अनेक हातांतून फिरू शकतो. अडचण अशी की, तो रुपया येथे रात्री थांबतच नाही.

याच तर्काने संख्येपेक्षा मुक्कामाची लांबी महत्त्वाची ठरते. गावात प्रत्येकी ५० रुपये खर्च करणारे १०० अभ्यागत ५,००० रुपये देतात. दोन रात्री राहणारे अवघे दहा पाहुणे प्रत्येक रात्री ८०० रुपये गावात ठेवत असतील तर ती रक्कम १६,००० होते. शासकीय अहवालांत ‘पर्यटकांची संख्या’ हाच यशाचा निकष मानण्याची प्रथा त्यामुळे दिशाभूल करणारी आहे. पाहुणा-रात्री हे एकक अधिक प्रामाणिक ठरेल.

डोंगरातील गाव

तुलनेसाठी सह्याद्रीतील पुरुषवाडी हे गाव पाहता येईल. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील या गावात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी, वरई अशी पावसावरची शेती, आणि पीक निघाल्यावर नारायणगाव-संगमनेरच्या बागायती पट्ट्यात मजुरीसाठी जाण्याची या डोंगराळ भागातील जुनी रीत. सुमारे दोन दशकांपूर्वी ‘ग्रासरूट्स’ या सामाजिक उद्योगाच्या साहाय्याने येथे ग्रामनिवास पर्यटन सुरू झाले. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी जेवतात, गावात राहतात आणि शेतीची कामे पाहतात. यजमानपद पाळीपाळीने वेगवेगळ्या घरांकडे जाते व उत्पन्नाचा काही भाग गावाच्या सामायिक निधीत जमा होतो. मे अखेरीपासून जूनमधील पहिल्या पावसापर्यंत झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे हे येथील मोठे आकर्षण.

या व्यवस्थेतील पाळीची पद्धत विशेष अभ्यासनीय आहे. काजवे, जंगल, पाणवठा आणि गावाची शांतता ही कोणा एकाची मालमत्ता नाही, तर ती सामायिक संसाधने आहेत. एकाच घराने सर्व पाहुणे घेतले तर लाभ त्याचा आणि गोंगाट सर्वांचा, अशी स्थिती होते. सामायिक संसाधनांच्या वापराचे नियम स्थानिक समूह स्वतः घडवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाळीची पद्धत हा त्याच विचाराचा गावरान आविष्कार आहे, मग गावाने ऑस्ट्रॉम यांचे नाव ऐकलेले असो वा नसो. लडाखमध्ये हिमबिबट्याच्या संरक्षणासाठी २००० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या गृहनिवासांतही अशीच पाळी आणि गावनिधीची व्यवस्था स्वीकारण्यात आली. बिबट्याने मेंढ्या मारल्या तरी त्याला जिवंत ठेवणे गावाच्या हिताचे ठरावे, असा त्यामागील हेतू होता.

पुरुषवाडीला आणखी एक अनुकूलता लाभली आहे. काजव्यांचा हंगाम पेरणीपूर्वीचा. मजुरीला गेलेली माणसे गावी परतू लागलेली असतात, शेतात मोठे काम नसते आणि घरातील साठा मात्र तळाला गेलेला असतो. नेमक्या याच रिकाम्या आठवड्यांत पाहुणे येतात. कावेरीच्या खोऱ्यात हे जुळत नाही. तेथे थंड हवेमुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रवासाचा हंगाम, आणि जानेवारी-फेब्रुवारी हाच सांबा भाताच्या कापणीचा काळ. पाहुण्याला जेवू घालायचे की कापणीला जायचे, असा पेच शेतकरी कुटुंबापुढे उभा राहतो. श्रमाची संधी-किंमत शून्य नसते, हे सूत्र येथे प्रत्यक्ष दिसते.

प्रारूप जसेच्या तसे का हलवता येत नाही

सर्वांत अवघड प्रश्न मात्र हंगामाचा नसून गावाच्या रचनेचा आहे. पुरुषवाडीसारख्या गावात जमीनधारणेतील तफावत तुलनेने मर्यादित असते आणि समाज बहुतांशी एक असतो. म्हणून पाळी चालते. कावेरी खोऱ्यातील पारंपरिक गाव मात्र स्तरांत विभागलेले आहे. मंदिराजवळचे अग्रहारम, जमीनदार व कुळांची मुख्य वस्ती आणि बाहेरच्या बाजूस असलेली दलितांची चेरी ही त्याची जुनी मांडणी. भूमिहीन शेतमजुरांचे प्रमाण येथे दीर्घकाळ मोठे राहिले. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या वादातून ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. त्यानंतर १९६९ मध्ये या भागासाठी शेतमजुरांच्या वाजवी वेतनाचा कायदा करण्यात आला. हा इतिहास पर्यटनाच्या पुस्तिकांत नसतो, पण कोणाच्या घरी पाहुणा उतरणार हे ठरवण्यात तो हजर असतो.

होमस्टेसाठी किमान एक मोकळी खोली, स्वच्छतागृह आणि अंथरूण-पांघरूण लागते. ज्याच्याकडे हे आधीच आहे, त्यालाच पाहुणा मिळतो. एका खोलीत पाच माणसे राहणारे मजूर कुटुंब या बाजारात उतरूच शकत नाही. शिवाय ‘पारंपरिक घर’ म्हणून पाहुण्याच्या मनात असलेले चित्र लाकडी खांबांच्या ओसरीचे, चौकाचे असते, आणि अशी घरे कोणाची असतात हे सांगावयास नको. अशा स्थितीत पाळीचा नियम कागदावर लिहिला तरी पाहुणे ठरावीक गल्लीतच वळतील. त्यामुळे या परिसरात घराऐवजी कामावर आधारलेली विभागणी अधिक न्याय्य ठरू शकते. निवास एका घरी, भोजन महिला बचत गटाकडे, मार्गदर्शन व वाहतूक तरुणांकडे, हस्तकौशल्याची शिकवणी कारागिराकडे, असे केल्यास खोली नसलेल्या कुटुंबालाही रुपयात वाटा मिळतो.

स्त्रियांच्या श्रमाचा मुद्दा याला जोडून येतो. पाहुणचाराचे बहुतांश काम, म्हणजे पाणी, स्वयंपाक, भांडी, सकाळची कोलम रांगोळी व रात्रीची आवराआवर, घरातील स्त्री करते आणि पैसे बहुधा पुरुषाच्या हाती जातात. यजमान कुटुंबाचा नफा काढताना हे श्रम शून्य किमतीचे धरले, तर अनेक तोट्यातील होमस्टे फायद्याचे भासतात. दिवसाच्या सहा तासांच्या कामास स्थानिक मजुरीचा दर लावून हिशेब मांडला की चित्र पालटते. रक्कम स्त्रीच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची अट ही त्यामुळे केवळ भावनिक मागणी नसून उत्पादनघटकाला त्याचा मोबदला देण्याची बाब आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही कुंभकोणमच्या संदर्भात टाळता येणार नाही. १६ जुलै २००४ रोजी या नगरातील एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ बालकांचा मृत्यू झाला. झावळ्यांनी शाकारलेले छप्पर पाहुण्याला सुंदर वाटते, उन्हाळ्यात ते थंडही असते. मात्र त्याखाली चूल पेटवून अनोळखी माणसांना झोपवणे म्हणजे काय, हे या नगराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ‘अस्सलपणा’च्या नावाखाली अग्निसुरक्षेत सवलत मागणाऱ्यांना ती देऊ नये.

शासनाची भूमिका

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पर्यटन’ असा स्वतंत्र विषय नाही. राज्यसूचीत देशांतर्गत तीर्थयात्रा (नोंद ७) आणि सराया व त्यांचे चालक (नोंद ३१) हे विषय आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांतही पर्यटन नाही. खादी, ग्रामोद्योग व कुटिरोद्योग मात्र आहेत. परिणामी गावात कोण पाहुणे ठेवतो यावर ग्रामपंचायतीचे नियंत्रण अनेकदा घरपट्टी आणि बांधकाम परवानगीपुरते उरते.

केंद्र शासनाने दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ग्रामीण पर्यटन योजना हाती घेतली. तीत एका गावातील पायाभूत कामांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत आणि क्षमताविकासासाठी २० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने निवडक गावांत राबवलेल्या उपक्रमात तमिळनाडूतील कराईकुडी व कळुगुमलै यांचा, तर गुजरातमधील कच्छच्या होडका गावाचा समावेश होता. गावसमितीने चालवलेल्या होडक्याच्या भुंग्यांमधील निवासाचा यशस्वी उदाहरण म्हणून वारंवार उल्लेख होतो. अन्य बऱ्याच ठिकाणी कमानी व स्वागतकक्ष उभे राहिले, पण पाहुणे आले नाहीत. बांधकामाचा निधी प्रशिक्षणाच्या अडीचपट ठेवल्यावर यापेक्षा वेगळे काय होणार, असा प्रश्न पडतो. ‘अतुल्य भारत’ निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घरांना मान्यता देण्याची सोय झाली. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. ग्रामीण पर्यटन व ग्रामीण होमस्टे यांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२२ मध्ये जाहीर झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरंभ झालेल्या ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियाना’त आदिवासी भागात १,००० होमस्टेंचे उद्दिष्ट असून नव्या बांधकामास ५ लाख व नूतनीकरणास ३ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. त्याशिवाय गावाच्या सामायिक गरजांसाठी ५ लाखांपर्यंतची तरतूद आहे, आणि या तिसऱ्या तरतुदीकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

कुंभकोणमच्या आसपासच्या गावांना आदिवासी भागासाठीच्या या योजनेचा लाभ मिळणार नाही हे उघड आहे. त्यांना अधिक जवळची ठरते ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना. तीत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना ५ टक्के व्याजाने, विनातारण, दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. मात्र हे कर्ज हत्यारांसाठी व व्यवसायासाठी आहे. कारागिराच्या घरी शिकायला येणाऱ्याला ठेवून घेणे हा त्याच्या व्यवसायाचाच विस्तार मानायचा की नाही, हे कर्ज देणाऱ्या बँकेच्या दृष्टिकोनावर अवलंबून राहते. कारागिरी एका खात्याकडे, पर्यटन दुसऱ्याकडे, यात्रा तिसऱ्याकडे आणि खोली मात्र एकच, अशी ही स्थिती आहे.

वाहकक्षमता आणि २०२८

कोणत्याही ठिकाणाला किती माणसे पेलवतात, याला वाहकक्षमता म्हणतात. ती केवळ जागेची नसते. पाण्याची, सांडपाण्याची आणि स्थानिकांच्या सहनशीलतेचीही असते. कुंभकोणमला हा धडा फार कटू रीतीने मिळाला. दर बारा वर्षांनी मासी महिन्यात येथील महामहम सरोवरात स्नानाचा महोत्सव भरतो. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन सुमारे ५० भाविक दगावले. २००४ व २०१६ च्या महोत्सवांत गर्दीच्या नियंत्रणावर मोठा भर देण्यात आला. पुढील महामहम २०२८ मध्ये आहे.

त्या वेळी शहरावरील भार परिसरातील खेड्यांत विभागण्याचा विचार स्वाभाविकपणे पुढे येईल. स्वामिमलै, नाचियारकोविल, तिरुभुवनम ही गावे थोड्या अंतरावर आहेत आणि तेथे पाहण्यासारखे, शिकण्यासारखेही आहे. मात्र खोल्यांची नोंदणी, स्वच्छतागृहांची व सांडपाण्याची सोय, अग्निसुरक्षेची तपासणी, बचत गटांचे प्रशिक्षण आणि दरपत्रक ही कामे महोत्सवाच्या आधीच्या महिन्यात उरकण्याजोगी नाहीत. एखाद्या महोत्सवापुरता उभा केलेला तंबू दुसऱ्या दिवशी उतरवला जातो. नोंदणी झालेली खोली पुढील वर्षीही राहते आणि तिच्यातील पाहुण्याला कार्यशाळेत साचा फुटताना पाहायला एक दिवस अधिक थांबता येते. मासी महिना साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत येतो. तोवर सांबा भाताची कापणी बहुतेक ठिकाणी आटोपत आलेली असते, घरात नवे धान्य असते आणि माणसांचे हात मोकळे होऊ लागलेले असतात. हंगामाचे जे जुळणे पुरुषवाडीला दरवर्षी आयते लाभते, ते या खोऱ्यात महामहमाच्या निमित्ताने बारा वर्षांतून एकदा घडते.